खाली कवा यायचं?

एप्रिलमधली दुपार होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं, आणि घरात पंखा बंद. पुतणीनं जेवणाच्या टेबलावर माउंटबोर्डच्या गोल चकत्या मांडल्या होत्या, पंखा लावला असता तर तिची दोन दिवसांची मेहनत घरभर उडाली असती. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनसाठी तिनं शिकागोची मरीना सिटी निवडली होती. एकेक चकती कापायची, कडेला अर्धगोल पाकळ्या ठेवायच्या, मधल्या नळीत ओवायची. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती कोपरानं तो टिपत होती, कारण बोटांना फेव्हिकॉल लागला होता. मावशी पलंगावर पाय सोडून बसली होती. माझी मावशी आता शहात्तर वर्षांची आहे, कानानं अधू. बराच वेळ ती नुसती बघत राहिली आणि मग उठून टेबलापाशी आली.

"काय करलालीस गं हे?"

"बिल्डिंग आहे आजी, अमेरिकेतली."

"कणसागत दिसतंय की."

पुतणी एकदम खुलली. तिकडचे लोकही त्या मनोऱ्यांना मक्याची कणसंच म्हणतात, असं तिनं मोठ्यानं, मावशीला ऐकू जाईल असं सांगितलं. मावशीनं खालच्या भागावर बोट ठेवलं. तिथं पाकळ्या नव्हत्या, नुसत्या उघड्या चकत्या चढत गेल्या होत्या. "हितं कोण ऱ्हातं?" पुतणी म्हणाली, तिथं गाड्या. 19 मजले फक्त गाड्या लावायच्या. "आन् माणसं?" माणसं त्याच्या वर, एकविसाव्या मजल्यापासून. मावशी वाकून पुन्हा बघायला लागली. मला वाटलं, झालं तिचं बघून. पण ती सरळ झाली आणि म्हणाली, "मग खाली कवा यायचं?"

पुतणीनं लिफ्टचं सांगितलं. तळाशी काय काय आहे तेही सांगितलं. मावशीनं मान डोलावली आणि पलंगावर जाऊन बसली. तिनं विचारलं होतं ते हे नव्हतं, एवढं मला त्याच क्षणी कळलं. काय विचारलं होतं ते मात्र पुढचे कित्येक दिवस उलगडत राहिलं.

ती इमारत मला आवडते. पुतणीच्या वह्यांमधून, तिनं दाखवलेल्या फोटोंमधून मी तिच्या प्रेमातच पडले होते. नदीच्या काठाला दोन गोल मनोरे, प्रत्येकी 65 मजल्यांचे, 179 मीटर उंच. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभे राहिले तेव्हा राहण्यासाठी बांधलेल्या इमारतींत जगात त्यांच्याहून उंच काही नव्हतं. बर्ट्रंड गोल्डबर्ग या वास्तुरचनाकाराला चौकोनी खोक्यांचा कंटाळा आला होता. त्यानं मधोमध एक भक्कम गोल गाभा उभा केला, त्यात लिफ्ट आणि जिने ठेवले आणि भोवती फुलाच्या पाकळ्या लावाव्यात तशी घरं लावली. एका मजल्यावर सोळा पाकळ्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आत, गाभ्याजवळ, जिथं पाकळी निमुळती असते. बाहेर जाल तसं घर रुंदावत जातं आणि शेवटी अर्धगोल गॅलरीत उघडतं. आतून बाहेर येताना प्रत्येक पावलाला जागा वाढते आणि उजेडही वाढतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत याच्या नेमकं उलट होतं. ढेलजेतल्या उजेडातून आत जाल तसा काळोख आणि गारवा वाढायचा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तेच शहाणपणाचं होतं. शिकागोच्या लांबलचक हिवाळ्यात माणूस उजेडाकडे धावतो, इथं सावलीकडे. घर कुठल्या दिशेनं उघडायचं हे शेवटी ऋतूच ठरवतो.

पण मला त्या इमारतीशी खरं जोडलं ते तिच्या पैशानं. तो कुणा बड्या बिल्डरचा नव्हता. शिकागोत मोठमोठ्या इमारती झाडणारे, पुसणारे, त्यांच्या लिफ्ट चालवणारे जे कामगार होते, त्यांच्या संघटनेनं हा प्रकल्प उभा केला. विल्यम मॅकफेट्रिज हा तिचा अध्यक्ष. त्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबं शहर सोडून उपनगरांत निघाली होती. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की शहराचा मधला भाग ओस पडायचा. शहरात माणूसच राहिला नाही तर झाडायला इमारती कुठून उरणार? तेव्हा लोकांना शहरात थांबवायचं तर एकाच ठिकाणी घर, कचेरी, दुकानं, नाटकगृह, बोलिंग, बर्फावर घसरायचा चौक आणि खाली नदीत होड्या बांधायची जागा, असं सगळं द्यायचं ठरलं. मरीना हे नाव त्या होड्यांवरून. हे पुतणीनं सांगितलं तेव्हा मला आपल्याकडची एकच गोष्ट आठवत राहिली. मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा हे शहर कसं विस्कटत गेलं ते मी लहानपणी पाहिलं आहे. 1877 साली इथं पहिली मिल निघाली. त्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. आपलं काम टिकावं म्हणून शहर टिकवायचं आणि शहर टिकावं म्हणून घरं बांधायची, असा विचार लिफ्ट चालवणाऱ्यांच्या संघटनेनं केला, याचं मला अजूनही भरून येतं.

आमचं घर पूर्व भागात होतं, कन्ना चौकाच्या पुढं एका बोळात. आमचं म्हणजे अण्णांचं. आम्ही भाडेकरू. रस्त्यावर अण्णांचं दहा बाय बाराचं दुकान, तिथं चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे. दुकानाच्या मागं कारखाना, त्यात सहा माग. कारखान्याच्या डाव्या भिंतीला लागून लाकडी जिना आणि वर चार खोल्या, दोन अण्णांच्या, दोन आमच्या. त्यावर गच्ची. बाहेरच्या ओट्यावर बोळातल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पानाला कात्री लावायची, तंबाखूची चिमूट भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून बोलताना बोटं थांबायची नाहीत. ओट्यावर तंबाखूचा वास, कारखान्यात खळीचा आणि वंगणाचा, जिन्याच्या वळणावर दोन्ही मिसळलेले, आणि वर पोचलं की आईच्या तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा. डोळे बांधले असते तरी मी कितव्या पायरीवर आहे ते सांगितलं असतं. मिश्र वापराची इमारत असा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. दुकान, कारखाना, घर आणि ओट्यावरचं ते उघडं काम एकमेकांना टेकून उभं होतं, एवढंच.

त्या जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती.

ती बाहेर उघडत नव्हती, कारखान्यात उघडायची. एका लाकडी फळीची, कडी आतून, म्हणजे जिन्याच्या बाजूनं. मावशी तेव्हा अण्णांकडे कांड्या भरायची. सकाळी आठला खाली, दुपारी वर जेवायला, पुन्हा खाली. चार वाजता अण्णांच्या घरातली अक्का ती फळी उघडायची आणि चहाची किटली खाली द्यायची. हाक मारून उपयोग नव्हता, सहा माग चालू असताना हाक ऐकू येत नाही. फळी उघडली की वरून उजेडाची एक पट्टी मागांवर पडायची आणि ती बघून लोक हात थांबवायचे. रात्री फळी बंद. आम्ही पोरं शाळेतून आलो की त्या खिडकीत डोकं घालून बघायचो. जेकार्डची कार्डं वर हलायची, भोकं पाडलेली, साखळीसारखी एकमेकांना शिवलेली, आणि त्या भोकांमधून खाली चादरीवर मोर उतरायचा. कार्डावर मोर कुठंच दिसत नाही. नुसती भोकं. भोकांतून मोर कसा होतो हे मी अण्णांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, जिथं भोक हाय तिथं सूत वर जातंय, जिथं न्हाई तिथं खाली ऱ्हातंय. एवढंच.

मागांचा आवाज आमच्या जमिनीतून यायचा. फरशीवर झोपलं तर तो पाठीत लागायचा. सहा मागांचा मिळून एक ठेका असतो आणि त्यातला एक माग थांबला तरी कानाला कळतं, जसं चालत्या पंख्याचं एक पातं वाकडं झालं की कळतं तसं. एका दुपारी एक माग थांबला. आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. मग दुसरा थांबला. ती परातीतच हात झटकून उठली, हळदीचा डबा घेतला आणि जिना उतरली, कुणी बोलवायच्या आधी. धोटा उडून एका विणकराच्या भुवईवर बसला होता. डोळा वाचला. आईनं हळद दाबून धरली, अण्णांनी रिक्षा आणली, ओट्यावरच्या एका बाईनं सूप खाली ठेवून पदर फाडून दिला. मी खिडकीतून पाहत होते. त्या दिवशी ते घर मला एकच शरीर वाटलं होतं, वर दुखलं काय आणि खाली दुखलं काय.

पण हे गोड करून सांगायचं नाही. मावशीचे कान त्या कारखान्यानं घेतले. तिचा खोकलाही तिथलाच, सुताच्या तंतूंचा. वडिलांची रात्रपाळी असायची आणि दिवसा त्या आवाजात त्यांना झोप कधी लागलीच नाही, चाळिशीतच ते थकलेले दिसायला लागले. दहावीच्या परीक्षेला मी कानात सुताचे बोळे घालून अभ्यास केला. विड्या वळणाऱ्या बायकांची बाळं तंबाखूच्या धुळीतच रांगायची. घर आणि काम वेगळं करा, असं नगररचनेच्या लोकांनी का म्हटलं असेल ते मला त्या घरात राहिल्यामुळेच कळतं. आम्ही 1996 मध्ये ते घर सोडलं, तेव्हा सगळ्यांत आधी मावशी रडली आणि सगळ्यांत आधी मावशीच म्हणाली, "आता झोप लागंल." दोन्ही खरं होतं.

पुतणीनं मला नंतर आणखी एक इमारत दाखवली, रॉटरडॅमची. 2014 मध्ये उघडलेली, मार्कट्हाल. घोड्याच्या नालेसारखी प्रचंड कमान, 40 मीटर उंच. कमानीच्या जाडीत 228 घरं आणि कमानीच्या पोटात बाजार. मासे, चीज, फुलं, फळं. छताला आतून सगळीकडे फळाफुलांचं, किड्यामुंग्यांचं अफाट चित्र, जणू आकाशातून बाजार ओतला जातोय. आणि त्या घरांना आत, बाजाराकडे उघडणाऱ्या खिडक्या आहेत! मी फोनवर तो फोटो बोटांनी मोठा करत गेले. चित्रातल्या भल्यामोठ्या फळाच्या कडेला एक चौकोनी खिडकी, तिच्यामागं कुणाचं तरी स्वयंपाकघर, आणि खाली भाजीवाला. आमच्या जिन्याची खिडकी मला तिथं दिसली. मग पुतणीनं सांगितलं की त्या खिडक्यांना तिहेरी काच आहे, खालचा वास आणि गोंगाट घरात येऊ नये म्हणून. त्यात चूक काहीच नाही. मासळीचा वास कुणाला झोपायच्या खोलीत हवा असतो? तरी मी जरा उदास झाले. त्या खिडकीतून बाजार दिसतो. ऐकू येत नाही, वास येत नाही, किटली खाली देता येत नाही.

आणि मग मला आमच्याच इमारतीकडे बघावं लागलं. सात रस्त्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी अकरा वर्षं राहते. खाली सहा दुकानं, पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने आणि एक क्लास, त्यावर आम्ही. दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि तिथं निळी काच लावली आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर त्या काचेमागच्या क्लासमधली पोरं वहीनं वारा घेत बसतात. ज्या गावात माळवदावर हातभर माती टाकून लोकांनी शेकडो उन्हाळे काढले, तिथं पश्चिमेला काच लावावी याचा मला मनापासून राग येतो. पण काच निदान बदलता येते. जिना बदलता येत नाही. आमचा जिना मागच्या बाजूला आहे, पार्किंगमधून, वेगळं फाटक, वेगळा वॉचमन. बांधणाऱ्यानं घर विकताना हेच अभिमानानं सांगितलं होतं, की दुकानांचा आणि तुमचा काही संबंध येणार नाही. आम्हीही तेच ऐकून घर घेतलं. मीही.

तळाला डावीकडून दुसऱ्या दुकानात एक शिंपी होता. मी बाल्कनीत उभी राहिले की बरोबर त्याच्या पत्र्याच्या छपरावर नजर पडायची. सकाळी छपरावर दोन चिमण्या, दुपारी वाळत घातलेलं फडकं. अकरा वर्षांत मी त्याच्याकडे तीन-चार वेळा ब्लाउज शिवले असतील, पुढच्या रस्त्यानं वळसा घालून जाऊन. गेल्या दिवाळीनंतर ते फडकं दिसेनासं झालं. माझ्या लक्षात आलं, पण पुढं काही केलं नाही. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी चालू होती तेव्हा, मी रिक्षातून उतरताना शटरवर भाड्यानं देण्याचा फलक पाहिला. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं. शिंपी वारला होता, दोन महिने झाले होते. दुकानातच चक्कर येऊन पडला होता, भर दुपारी. मेडिकलवाल्यानं आणि क्लासच्या मुलांनी उचललं. मी त्या दुपारी घरीच असणार, नेमकी त्याच्या डोक्यावर, चाळीस फूट वर. मशीन थांबल्याचं मला ऐकू येण्याची सोयच नव्हती. आणि हे सगळं सांगणारा मेडिकलवाला. त्याचंही नाव मला माहीत नव्हतं, ते मी त्या दिवशी विचारलं.

खाली कवा यायचं?

मावशीच्या प्रश्नात लिफ्टचा वेग नव्हता. वर राहणाऱ्या माणसाला खाली येण्याचं निमित्त काय उरतं, असं ती विचारत होती. मरीना सिटीच्या विसाव्या मजल्यावर कपडे धुण्याची सामाईक खोली आहे, गाड्या आणि घरांच्या बरोबर मध्ये. कपडे फिरत असताना तिथून सगळं शहर दिसतं. हे मी मावशीला नंतर सांगितलं. तिला ते आवडलं. "धुण्यापाशी बाया बोलतात," ती म्हणाली. तिथं खरंच कुणी बोलतं का ते मी सांगू शकत नाही, पण गोल्डबर्गनं धुण्यासाठी सगळ्यांत चांगला देखावा राखून ठेवला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पुढं तिथलं बरंच बदलत गेलं. 1977 मध्ये भाड्याची घरं मालकीची झाली, नाटकगृह गेलं, बर्फाचा चौक गेला, कचेरीच्या इमारतीत हॉटेल आलं. 2016 मध्ये शिकागो शहरानं ते मनोरे जतन करायच्या वास्तूंच्या यादीत घेतले. घरं मात्र तशीच भरलेली राहिली. झाडूवाल्यांनी धरलेली आशा अगदीच फुकट गेली नाही.

ओट्यावर विड्या वळणाऱ्यांपैकी एकीला कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये घर मिळालं. 2024च्या जानेवारीत तिथली 15 हजार घरं एकदम दिली गेली, तेव्हाचं. स्वतःचं पक्कं घर, नळ, संडास. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेल्या बाईला किल्ली हातात आल्यावर काय वाटलं असेल ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, कारण उजेड तिथं होता आणि समोरच्या दारातली बाई तिथून दिसत होती. नकाशात ओटा नव्हता. तिनं उंबऱ्याचा ओटा केला होता.

सबमिशन झाल्यावर पुतणी म्हणाली, आत्या, मला ते घर मोजायचंय. पुढच्या सत्रात तिला पूर्व भागातल्या एखाद्या घराचा आराखडा काढायचा आहे. मग एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही तिघी गेलो. अण्णा आणि अक्का आता नाहीत. त्यांच्या मुलानं माग विकले, कारखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे. जमिनीत मागाचे बोल्ट अजून आहेत, वर कापलेले. मी वाकून हात लावला, थंड होते. ती जागा इतकी शांत मी कधीच ऐकली नव्हती आणि मला ती शांतता मुळीच आवडली नाही. पुतणी टेप घेऊन जिन्याशी गेली. पायरीची उंची, रुंदी, एकूण पायऱ्या. मावशी एका हातानं भिंत धरून तिच्या मागं चढत होती. वळणावर खिडकीची फळी होती, पण कडी गंजून बसली होती. पुतणीनं चौकट मोजली आणि मोठ्यानं म्हणाली, "दोन फूट बाय दीड."

"न्हाई," मावशी म्हणाली. तिनं चौकटीच्या कडेला नखानं खरवडलं. गिलाव्याचा पापुद्रा निघाला, आत जुनं लाकूड दिसलं. "मोठी होती. किटली जायाची ह्यातनं, कपबशा बी. गिलावा मागनं केलाय. परत मोज."

पुतणीनं टेपचं टोक तिच्या हातात दिलं आणि परत मोजायला घेतलं.